सरिता आणि समशेर : प्रस्तावना

जे गीत कानी पडताच माणूस हातातले काम टाकून ताठ उभा राहतो, त्या गीतात काय असावे आणि काय नसावे याचा विचार त्याने उभे असताना करू नये, हे शिष्टाचाराला धरूनच आहे. परंतु गीत संपल्यावर, घरी परतल्यावर, एवढेच काय पण पुढे सारा जन्म सरला तरी तो विचार मनाला शिवू नये, हे मात्र राष्ट्राच्या प्रकृतीला मानवणारे नाही. ध्वजावर रंग कोणते असावेत, राजमुद्रेवर चिन्ह कोणते असावे, यांविषयी आपल्या पूर्वसूरींनी पुष्कळ खल केला हे आपण जाणतो. गीताच्या बाबतीत मात्र आपली समजूत अशी होऊन बसली आहे, की डोंगर आणि नद्या जशा आपल्याला आयत्या लाभल्या, तसे तेही लाभले. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रत्येक राष्ट्रगीत कोणीतरी एका रात्री किंवा एका सकाळी काही एका हेतूने रचले. कोणीतरी त्याला चाल लावली. कोणीतरी त्यातली काही कडवी राखली आणि काही गाळली. आणि अखेरीस एखाद्या सभागृहातील ठरावाने किंवा निवेदनाने ते साऱ्या प्रजेच्या मुखी आले. या निवाड्याच्या मुळाशी जाऊ लागले म्हणजे देशोदेशी एकच प्रश्न आडवा येतो : राष्ट्राने आपल्या गीतात रणाचा गौरव करावा, की आपल्या भूमीच्या सौंदर्याचा?

पुण्यातील काही तरुण अभ्यासकांनी गेले वर्षभर दर पंधरवड्याला एकत्र बसून या प्रश्नाची चर्चा केली, आणि त्या चर्चेतून सिद्ध झालेले निबंध छापखान्यात धाडण्यापूर्वी त्यांचे हस्तलिखित माझ्याकडे पाठवून प्रस्तावना लिहिण्याची आज्ञा केली. संग्रहाचे विभाग तीन आहेत. पहिल्यात पोवाडे आणि रणगीते यांचा परामर्श आहे, दुसऱ्यात भूमिवर्णनपर गीतांचा, आणि तिसऱ्यात ही गीते सरकारी मान्यतेला कशी पोहोचली त्याचा वृत्तांत आहे. निबंधकारांत एकवाक्यता नाही आणि ती असावी असा त्यांचा आग्रहही नाही. त्यांच्या युक्तिवादांचा सारांश येथे देऊन वाचकाचे श्रम वाचविण्याचा माझा इरादा नाही; हा विषय मला जसा दिसतो तसा मांडावा, आणि वाचकाला ग्रंथाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे, एवढेच मी योजिले आहे.

मला हा प्रश्न कोणा पंडिताने घातला नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रजासत्ताकदिनी शाळेतील झेंडावंदन आटोपून माझी सात वर्षांची नात आणि मी लकडी पुलावरून घरी परतत होतो. शाळेत नुकताच तिला राष्ट्रगीताचा अर्थ शिकविला होता, आणि कोणत्याही नव्या विद्येप्रमाणे ती तिच्या डोक्यात घोळत होती. पुलाच्या मध्यावर थांबून, कठड्याच्या गजांमधून खाली पाहत ती म्हणाली, "आजोबा, गाण्यात यमुना आहे, गंगा आहे, मग आपली मुठा का नाही?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. एवढ्या लहान गीतात सगळ्या नद्या कशा मावतील, असे काहीसे मी बोललो असेन. तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. ही प्रस्तावना म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी, जरा वळणावळणाची, वाट आहे.

मराठी माणसाला रणगीताचे वावडे असण्याचे कारण नाही. तो त्याच्याच घरचा ठेवा आहे. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर आणि तुळशीदासाने सिंहगडावर पोवाडे रचले. पुढे खर्ड्याचा विजय अनंत फंदीने गायिला. आणि डफ, तुणतुणे व झीलकऱ्यांची साथ घेऊन चौकाचौकांत उभे राहिलेल्या शाहिरांनी बखरकारांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्याहून अधिक, या मुलुखाची स्मृती जागती ठेवली. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली या पोवाड्यांचा संग्रह छापला नसता तर त्यांतील कित्येक तोंडचे तोंडीच विरून गेले असते. या पोवाड्यांचा एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. पोवाड्यात नाव असते, गाव असते, तिथी असते, प्रतिपक्षाच्या सरदाराचाही नामनिर्देश असतो, आणि पोवाड्याला शेवट असतो. लढाई झाली, कोणी पडले, कोणी तरले, शाहिराने आपले नाव सांगितले आणि डफ खाली ठेवला. ऐकणारा पुन्हा आपल्या कामाला लागला. पोवाड्याने त्याला कालच्या शत्रूशी आज पुन्हा लढण्याची शपथ घातली नाही.

हीच मर्यादा आपल्या वीरगळांतही आढळते. पुणे, सातारा किंवा कोल्हापूरकडच्या कोणत्याही जुन्या गावाच्या वेशीबाहेर, नाहीतर एखाद्या शिवालयाच्या आवारात, अंगावर शेवाळ चढलेल्या अशा शिळा उभ्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. तिच्या वर लढाईचा देखावा, ढाल उचललेले हात, कधी घोडा, कधी सोडविलेली गुरे. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. आणि शिखराशी तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. शिळेवर नाव क्वचितच असते, परंतु ती कोणाच्या घराण्याची आहे ते गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आले. युद्धाची चौकट खालची आहे आणि शांतीची वरची, हे त्या पाथरवटाचे तत्त्वज्ञान कोणा ग्रंथकाराने त्याला शिकविले नव्हते. गाव वीराला विसरले नाही. पण गावाने आपली रोजची आरती त्याच्या तलवारीची केली नाही, ती ग्रामदेवतेची म्हणजे भूमीचीच केली.

मग राष्ट्राने आपल्या नित्याच्या गीतात रण का आणावे? याचे उत्तर बहुधा त्या गीतांच्या जन्मकाळात असते. फ्रान्सचे गीत क्लोद झोझेफ रुझे द लील या लष्करी अधिकाऱ्याने १७९२ च्या एप्रिल महिन्यात स्ट्रासबुर्ग येथे एका रात्रीत रचले, तेव्हा ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारल्याची वार्ता त्या शहरात नुकतीच येऊन थडकली होती. ऱ्हाईनच्या फौजेसाठी म्हणून लिहिलेले ते गीत मार्सेचे स्वयंसेवक गात गात पॅरिसला घेऊन गेले, म्हणून त्या शहराचे नाव त्याला चिकटले. १७९५ त ते राष्ट्रगीत झाले, मध्यंतरी मागे पडले, आणि १८७९ त पुन्हा प्रस्थापित झाले. त्यात शत्रूच्या रक्ताने शेतातले तास भिजावेत अशी इच्छा आहे. १७९२ च्या त्या रात्री ती इच्छा समजण्यासारखी होती. परंतु प्रसंग निघून गेला आणि शब्द मात्र राहिले, म्हणून आज शांततेच्या काळात फ्रान्समधील लहान मुलेही ती इच्छा उच्चारतात, आणि तेथील विचारी माणसे मधूनमधून या शब्दांविषयी आपली अस्वस्थता बोलून दाखवतात. अमेरिकेचे गीतही तोफांच्या उजेडातच जन्मले. १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर भडिमार झाला आणि सकाळी निशाण जागच्या जागी फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने ते लिहिले. ते अधिकृत झाले १९३१ त. मध्यंतरी, १८९३ साली, कॅथरिन ली बेट्स या अध्यापिकेने कोलोरॅडोतील एका उंच शिखरावरून दिसलेल्या आपल्या देशावर दुसरे एक गीत लिहिले, त्यात धान्याच्या लाटा आहेत आणि जांभळ्या डोंगररांगा आहेत. आणि राष्ट्रगीताचा मान या दुसऱ्या गीताला मिळावा असे म्हणणारे लोक त्या देशात कधीच संपले नाहीत.

दोन्ही भावनांना वेगवेगळे घर करून देणारी राष्ट्रेही आहेत, आणि त्यांचा शहाणपणा मला विशेष वाटतो. डेन्मार्कमध्ये दोन गीते आहेत. एकात राजा ख्रिश्चन जहाजाच्या उंच डोलकाठीपाशी धुरात उभा राहून झुंजतो, तर दुसऱ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या बीच वृक्षांची सावली आहे. राजाच्या सन्मानार्थ पहिले वाजते, प्रजा आपले म्हणून गाते ते दुसरे. आपल्या शेजारी बांगलादेशाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जो देश १९७१ साली रक्ताच्या नदीतून बाहेर पडला, त्याने आपले राष्ट्रगीत निवडताना रवींद्रनाथांचे १९०५ सालच्या वंगभंगाच्या वेळचे गीत घेतले, ज्यात आंब्याच्या मोहोराचा वास आहे, वडाच्या मुळाशी आणि नदीच्या काठी पसरलेला मायेचा पदर आहे. नझरुल इस्लाम यांच्या दौडत्या कवनालाही त्या देशाने दूर लोटले नाही. ते कूचगीत म्हणून, 'रणसंगीत' याच नावाने, आपल्या फौजेकडे सोपविले. युद्धाने ज्यांचे घर उद्ध्वस्त केले होते, त्यांना घरासाठी गाताना युद्ध आठवावेसे वाटले नाही; मोहोर आठवला.

आपल्याकडे हा वाद एकाच गीताच्या पोटात झाला. बंकिमचंद्रांचे 'वंदे मातरम्' सुमारे १८७५ चे मानतात, आणि १८८२ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'आनंदमठ' कादंबरीत ते समाविष्ट झाले. कादंबरी लढाईची, हातात शस्त्र घेतलेल्या संन्याशांची. आणि गीताची सुरुवात मात्र पाण्याची, फळांची, दक्षिणेकडून येणाऱ्या थंड वाऱ्याची आणि चांदण्या रात्रीची! पहिल्या दोन कडव्यांत शस्त्राचा स्पर्श नाही. तिसऱ्यात कोट्यवधी हातांत तलवारी चमकू लागतात, आणि पुढे भूमाता दुर्गेच्या रूपात प्रकट होते. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन सार्वजनिक सभांतून पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले. या निर्णयाचे कारण तलवारी हे नव्हते. देवीच्या प्रतिमेविषयी आणि कादंबरीतील संदर्भाविषयी मुसलमान बांधवांनी घेतलेला आक्षेप हे होते, आणि त्या निर्णयाविषयी आजही लोकांत तीव्र मतभेद आहेत. ते मिटविण्याचा माझा अधिकार नाही. मी एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो : सर्वांना एकत्र म्हणता येईल असा भाग शोधू लागल्यावर त्या ज्येष्ठांच्या हाती जे लागले, ते पाणी होते, पीक होते, वारा होता. या गोष्टींवर कोणाचाच आक्षेप नव्हता, कारण त्या सर्वांच्याच होत्या.

या गीताशी पुण्याचे नाते मास्तर कृष्णरावांमुळे जडले. १८९८ साली आळंदीत जन्मलेले आणि भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेले कृष्णराव फुलंब्रीकर 'प्रभात'च्या बोलपटांमुळे घरोघरी पोहोचले होते; पण त्यांच्या मनाचा ध्यास 'वंदे मातरम्' हा होता. झिंझोटी रागात त्यांनी त्याला अशी सुटसुटीत चाल बांधली, की शिकलेल्या गवयाप्रमाणेच मैदानातल्या जमावालाही ती गाता यावी, आणि ते राष्ट्रगीत व्हावे म्हणून दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे त्याचे प्रात्यक्षिक केले. आक्षेप असा होता की या गीताची चाल वाद्यवृंदाला किंवा बँडला सोयीची नाही. २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी केलेल्या निवेदनातही हा मुद्दा आहे. मास्तरांनी हार मानली नाही. पोलिसांच्या बँडची मदत घेऊन त्यांनी पाश्चात्य पद्धतीचे स्वरलेखन सिद्ध केले आणि गीत बँडवर वाजवून दाखविले. बालगंधर्वांच्या नाट्यसृष्टीत वाढलेला एक गवई सनई-चौघड्याच्या परंपरेतून उठून पितळी तुताऱ्यांच्या दरबारात आपल्या गीताची वकिली करायला उभा राहतो, हे चित्र मला हलवून सोडते. त्यातच आपल्या विषयाचे एक मर्म दडलेले आहे. गीतातील शब्द चांदण्याचे आणि वाऱ्याचे असले, तरी त्याची परीक्षा अखेरीस लष्करी वाद्याने झाली. राष्ट्रगीत रण गाईल किंवा न गाईल, ते कवायतीच्या मैदानावर वाजले पाहिजे, ही अट आधुनिक राज्याने सर्वत्र घातलेलीच आहे.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी घटना समितीत केलेल्या निवेदनाने निवाडा झाला. 'जन गण मन' हे राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्' ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. १९११ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिल्या गेलेल्या या गीताची कडवी पाच. अधिकृत आहे ते पहिले, आणि ते म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. या ५२ सेकंदांत एकही शत्रू नाही, एकही लढाई नाही, एकही राजा किंवा सेनापती नावाने येत नाही. प्रांत येतात, दोन पर्वत येतात, दोन नद्या येतात, समुद्राच्या लाटा येतात. पुढच्या कडव्यांत शंख वाजतो आणि रथाची चाके घरघरतात खरी, पण तो सारथी संकटातून तारणारा आहे. त्याचा शंख कोणावर चालून जाण्यासाठी वाजत नाही. मराठ्यांचेही नाव या गीतात आहे, परंतु कोणत्या मोहिमेसाठी नव्हे. पंजाब आणि गुजरात यांच्या पंक्तीला बसलेला एक मुलूख म्हणून आहे. ज्या नावाने एके काळी हिंदुस्थानभर चौथाईचे तगादे जात, ते नाव आपल्या भावंडांत मिसळून उभे राहिलेले पाहणे, यात मराठी मनाला उणेपणा वाटण्याजोगे काही नाही.

आता आपल्या घरच्या गीतांकडे वळतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांचे शिष्य गोविंदाग्रज या दोघांनीही महाराष्ट्रगीते लिहिली. गुरूने इतर देशांची थोरवी मान्य करून आपल्या देशावरचे प्रेम सांगितले, तर शिष्याने एकाच देशाला कठीण आणि कोमल अशा परस्परविरोधी विशेषणांनी आळवून सह्याद्रीचा खडक आणि त्यावर उमलणारे फूल एकाच दमात नजरेपुढे आणले. राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत श्रीनिवास खळे यांच्या चालीत आणि शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात सर्वतोमुखी झाले, आणि १९ फेब्रुवारी २०२३ च्या शिवजयंतीपासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत आहे. हे गीत सौंदर्याचे की शौर्याचे? बढ्यांच्या मूळ रचनेत आरंभी नद्यांची मालिका आहे. त्यांचे पाणी मातीच्या घागरींत एक होते. आणि लगेच भीमथडीची तट्टे यमुनेवर जाऊन पाणी पितात अशी प्रतिमा येते. भीमथडी म्हणजे भीमेकाठचा आपलाच टापू. जुन्या पुणे जिल्ह्याच्या दप्तरात त्या नावाचा तालुकाच होता. तेथली काटक, ठेंगणी, चिवट तट्टे मराठी फौजांच्या अंगाखाली उत्तर हिंदुस्थान तुडवून आली. म्हणजे या ओळीमागे एक सबंध मोहीम उभी आहे. तरीही कवीने त्या मोहिमेतून वेचून काय घेतले? लूट घेतली नाही, धारातीर्थ घेतले नाही. दमलेल्या जनावराची तहान घेतली. एका नदीच्या काठी वाढलेला जीव दुसऱ्या नदीच्या काठी ओठ टेकतो, आणि त्या क्षणी समशेर आणि सरिता यांचा झगडा मिटून जातो. रणाला राष्ट्रगीतात यायचेच असेल, तर त्याने असे, खाली मान घालून पाणी पिण्यासाठी यावे.

सौंदर्यपक्षाविरुद्ध जे बोलले जाते त्यात दोन आक्षेप वजनदार आहेत, आणि त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला असा, की डोंगर आणि नद्या सर्वत्रच असतात. राष्ट्र हे त्यागाने घडते, आणि ज्यांनी प्राण दिले त्यांचा उच्चार गीतात नसणे ही कृतघ्नता होय. या आक्षेपाचा विचार करताना मला सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव आठवते. घरटी एक माणूस फौजेत असे या गावाविषयी सांगतात. पहिल्या महायुद्धात त्यातील ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारने गावाच्या नावे स्मारकशिळा बसविली. हे ४६ जण ज्या गीताला सलामी देत देत परमुलुखात गेले, ते गीत इंग्लंडच्या राजाचे होते. त्यांच्या शौर्यात तिळमात्र उणेपणा नव्हता. परंतु त्या शौर्याचा मान कोणत्या राष्ट्रगीताने राखला? तो राखला गावाने, घराने आणि त्या शिळेने. शौर्य हे गीताच्या सरकारी सनदेवर अवलंबून नसते. वीरगळ, पोवाडा, स्मारकशिळा, घराण्यातली तसबीर, या त्याच्या हक्काच्या जागा आहेत, आणि त्या जागी ते नावानिशी जिवंत राहते. राष्ट्रगीताच्या दोन ओळींत कोंबले म्हणजे त्याचे नाव जाते, गाव जाते, आणि उरते ती कोणालाही कोणाविरुद्ध वापरता येणारी आवेशाची दारू.

याच संदर्भात पुण्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या शहराचे गीत केवळ विजयाचे असते, तर १८ नोव्हेंबरच्या सकाळी त्याने काय गायिले असते? जिंकण्यावर उभारलेले गीत हरल्या दिवशी घशात अडकते. मुठा त्या दिवशीही वाहत होती, पर्वतीवरून सिंहगड दिसत होता, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे या शहराने आपले स्वत्व राखले ते याच अढळ वस्तूंकडे पाहून. भूमीचे गीत पराभूताला गाता येते, विधवेला गाता येते, कालपर्यंत प्रतिपक्षात असलेल्याच्या नातवाला गाता येते. ज्या गीताला सर्वांनी उभे राहायचे, त्यात सर्वांना उभे राहण्यापुरती जागा असली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. निसर्गगीत हे मऊ असते, ते माणसाकडून काहीच मागत नाही, डोळे मिटून आनंदात डोलायला लावते, असे म्हणतात. या ठिकाणी मात्र माझे मत अगदी उलट आहे, आणि या प्रस्तावनेत मला जे सांगायचे ते हेच आहे. रणगीत थोड्यांकडून, क्वचित एकदा, सर्वस्व मागते. बाकीचे लोक ते बसल्या जागेवरून गातात आणि जणू आपणच लढलो अशा समाधानात घरी जातात. भूमीचे गीत प्रत्येकाकडून रोज मागते. ज्या पाण्याला सकाळी निर्मळ म्हणून वंदन केले, त्यात दुपारी घाण सोडण्याचा अधिकार त्या वंदनानेच काढून घेतलेला असतो. ज्या डोंगराचे नाव घेतले, तो फोडून विकताना आपल्याच तोंडचा शब्द आडवा येतो. या अर्थाने सौंदर्याचे राष्ट्रगीत हा एक करारनामा आहे. त्यावर आपण दररोज सकाळी सही करतो आणि त्याची मुदत कधी संपत नाही.

१२ जुलै १९६१ चा दिवस ज्यांनी पाहिला त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमजेल. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि ज्या नदीला आपण नेहमी गृहीत धरत आलो ती काठच्या पेठांत शिरून वाडेच्या वाडे घेऊन गेली. धरणाच्या भिंतीला धोका आहे असे कळल्यावर फौजेचे जवान तेथे पोहोचले होते. पावसात, अंधारात, खचत्या मातीवर उभे राहून त्यांनी वाळूच्या पोत्यांची रास रचली आणि पाणी शक्य तितके थोपवून धरले. भिंत रात्री न फुटता सकाळी फुटली, आणि उजेड असल्यामुळे हजारो लोकांना जीव वाचवून पळता आले. त्या जवानांसमोर शत्रू नव्हता, जिंकायचा किल्ला नव्हता. समोर एक नदी होती आणि पाठीमागे झोपलेले शहर. हे शौर्य कोणत्या गीतात बसवावे? रणगीतात त्याला जागा नाही, कारण रण नव्हते. ज्या गीतात नदी आहे आणि तिच्या काठची माणसे आहेत, त्या गीतातच ते शोभते. सैनिक अखेरीस ज्याचे रक्षण करतो ते हेच असते, आणि म्हणून भूमीचे गीत हेच त्याचेही खरे गीत आहे.

प्रस्तुत संग्रहातील निबंधांत वाचकाला या सर्व बाजू अधिक साधार आणि अधिक विस्ताराने आढळतील. माझ्या मताशी विरोध करणारे दोन निबंध मला सर्वांत चांगले वाटले, हे मी येथे आनंदाने नोंदवितो. त्यांतील पोवाड्याच्या भाषेचे विवेचन कोणाही अभ्यासकाने मुद्दाम वाचावे. तरुणांनी एवढ्या जुन्या प्रश्नाला एवढ्या आस्थेने हात घातला आणि वर्षभर एकमेकांशी वाद घालूनही परस्परांतील स्नेह उणावू दिला नाही, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो आणि हा ग्रंथ रसिक व चिकित्सक वाचकांच्या स्वाधीन करतो.

राहता राहिला माझ्या नातीचा प्रश्न. त्याचे उत्तर त्या दिवशी पुलावर मला सुचले नाही, ते हे निबंध वाचता वाचता सुचले. मुठा पुढे संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्व समुद्राला. बढ्यांच्या गीतातील कृष्णेत आणि त्या तट्टांच्या भीमेत पुण्याचे पाणी आहेच; राष्ट्रगीतात ज्या समुद्राच्या लाटा उसळतात त्यांतही आहे. परवा तिला घेऊन मी पुन्हा त्याच कठड्याशी उभा राहिलो आणि हे सारे सांगितले. तिने खाली पाहिले. काठाला जलपर्णीचा हिरवा थर दाटला होता आणि पाण्याला वास येत होता. "हे पाणी घोडा पिईल का?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ते या शहरातील माणसांनी आपल्या वागण्यानेच द्यायचे आहे. मुठा गीतात आहे. तिने गीतात शोभावे, एवढे देणे आपण तिचे लागतो.

पुणे,
वर्षप्रतिपदा